भाजीबाजारातला विषय क्रमांक चार

पुंजू नाना पहिल्यांदा आमच्या घरी आले ते परसातल्या शेवग्याच्या शेंगा घेऊन. शेंगा माझ्या हातात ठेवल्या, खिशातून छोटी वही काढली आणि म्हणाले, "ताई, पोच द्या." मला वाटलं, थट्टा करताहेत. वहीत लिहिलेलं होतं: शेवगा, नग बारा, समोरच्या प्राध्यापक बाई. खाली सहीची जागा. मी सही केली. नानांनी शाईवर फुंकर घातली आणि चहाला न थांबता निघून गेले.

त्यांची सगळी नोकरी धुळ्याला, देवपुरातल्या पोस्टात, रजिस्टरच्या खिडकीवर झाली. निवृत्त होऊन ते गावी आले, म्हणजे आमच्या गल्लीत. खिडकी सुटली, सवय सुटली नाही. डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला तरी पोच. मुलाच्या सासरी लग्नपत्रिका दिली तरी पोच. सुनेने जेवायला हाक मारली तर आतून उत्तर येतं, "आवक झाली." सून बिचारी आता हसतही नाही.

आमच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. धुळ्याला एसटीने तासाभरात जाता येतं, एवढं पुरे. नाव लिहिलं तर शेजारचे तालुके रुसतील, की आमच्याकडेही हेच चालतं, मग यांचंच नाव कसं छापून आलं.

तर एकदा नगरपालिकेने आपल्या दारात मोठा फलक लावला. 'पूर्ण झालेली विकासकामे.' लोक फलकावरचे फोटो पाहून पुढे जात. नाना उभे राहून मजकूर वाचत. चौथ्या ओळीत लिहिलं होतं: भाजीबाजार, महिला स्वच्छतागृह, काम पूर्ण. नाना रोज सकाळी भाजीबाजारात जाणारे. ते तसेच तिकडे गेले, बाजाराला दोन फेऱ्या मारल्या आणि थेट माझ्या दारात आले.

"ताई, तो विषय क्रमांक चार. बठ्ठं कागदवर शे, जागावर काहीच नही."

नाना मनातलं बोलताना अहिराणीवर येतात; बठ्ठं म्हणजे सगळं. पण विषय क्रमांक चार म्हणजे काय हे समजायला मला वेळ लागला, कारण बाईमाणसासमोर तो शब्द उच्चारणं नानांच्या जिभेला जमत नव्हतं. पुढची दोन वर्षं त्यांनी तो उच्चारला नाही. अर्जात मात्र ठसठशीत अक्षरात लिहिला, आणि प्रत्येक अर्जाची पोच घेतली.

माहितीच्या अधिकारातल्या पहिल्या अर्जाला उत्तरच आलं नाही. दुसऱ्याला आलं की विषय बांधकाम विभागाचा आहे. बांधकामने कळवलं, आरोग्य विभागाचा आहे. आरोग्यवाल्यांनी 'अभिलेख शोधूनही आढळून येत नाही' असं लिहून खाली कोणाची ते न कळणारी सही केली. नानांनी अपील केलं, तेव्हा सर्वांत सुंदर उत्तर आलं: सदर स्वच्छतागृह रस्ता रुंदीकरणात पाडण्यात आले आहे. आमच्या बाजारातला रस्ता रुंद झालेला कोणी पाहिलेला नाही. तो दरवर्षी दोन्ही बाजूंनी अरुंद होतो. नानांनी शांतपणे पुढचा अर्ज लिहिला: पाडल्याचा पंचनामा द्यावा.

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. 'स्थानिक स्वराज्य संस्था ही लोकशाहीची शाळा आहे' हे वाक्य मी मुलांकडून पाठ करून घेतलं आहे. नानांबरोबर त्या शाळेच्या पायऱ्या चढायला लागल्यापासून ते वाक्य फळ्यावर लिहिताना माझा हात अडखळतो. या टेबलाकडून त्या टेबलाकडे, साहेब मीटिंगला, साहेब साइटवर, साहेब जेवायला. जे बांधलंच नाही ते पाडल्याचं कोणीतरी शुद्ध मराठीत टाइप केलं होतं, आणि टाइप करणाऱ्याला रात्री झोप लागली असणार.

अपिलाच्या सुनावणीला नानांनी मला सोबत यायला सांगितलं. विषय तोंडी मांडायची वेळ आली तर काय, ही त्यांची धास्ती. मी वाटेत भाजीबाजारातून सुमनअक्कांनाही घेतलं. मेथी-पालक विकणाऱ्या, साठीच्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू.

सुनावणी घेणारे साहेब हसतमुख होते; आम्ही बसल्यापासून दोनदा उठून मागच्या दाराने जाऊन आले होते. त्यांनी कागद चाळले, खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "नाना, या वयात तुम्हाला महिला स्वच्छतागृहाची काय गरज पडली?"

खोलीतले तीन कारकून हसले. एकाने तर टेबलावर थाप मारली. नानांचे कान लाल झाले. त्यांनी वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात सुमनअक्का खुर्चीवरून उठल्या.

"साहेब, आम्ही वनूत तवपाइन तुम्ही दोनदा उठीसन मांगे जाई वनात. मी पहाटपाइन बाजारमा शे. एकदाबी नही. आम्ही पानीच पेतस नही. पिधं ते जावानं कोठे?"

हसू थांबलं. साहेबांनी समोरची पाण्याची बाटली हळूच टेबलाखाली ठेवली. ते का, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मग त्यांनी पंधरा दिवसांत अहवाल सादर करण्याचे आदेश दिले आणि पुढचा विषय घेतला.

अहवाल आला नाही. कोणावर कारवाई झाली नाही. ज्यांच्या सहीने काम पूर्ण झालं होतं त्या साहेबांची बदली झाली, आणि निरोप समारंभात त्यांना शाल मिळाली. फलकावरची चौथी ओळ मात्र एका सकाळी पांढऱ्या रंगाने पुसलेली दिसली. त्यानंतर काही महिन्यांनी बाजाराच्या टोकाला विटा येऊन पडल्या. निवडणूक जवळ आली होती असं लोक म्हणतात. मी म्हणते, पोचांनी फुगलेली ती छोटी वही त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली होती. काही असो, तीन दारांची, वर टाकी असलेली इमारत उभी राहिली. फीत कापली, फोटो निघाले, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप.

चावी आरोग्य विभागाकडे. आरोग्य विभाग म्हणे, अजून हस्तांतर झालेलं नाही. बायका कुलपाकडे बघून पुन्हा आपल्या पाटीमागे बसू लागल्या. नानांनी चावीसाठी अर्ज केला, मग स्मरणपत्र दिलं. तिसरं लिहायला ते टेबलाशी बसले होते, त्याच सकाळी सुमनअक्कांनी तराजूतलं दोन किलोचं माप उचललं आणि कुलपावर चार घाव घातले.

ही बातमी ऐकून नाना हादरले. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान म्हणजे त्यांच्या दृष्टीने महापाप. दुपारपर्यंत ते येरझारा घालत होते. मग त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहिलं: भाजीबाजारातील कुलूप नादुरुस्त झाले असून तूर्त त्याची आवश्यकता दिसत नाही, सबब नवीन बसवू नये. पत्र देऊन, पोच घेऊन आले. नवीन कुलूप आजवर बसलेलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी ते रिक्षा घेऊन माझ्या दाराशी आले. मांडीवर नवा माठ, पायाशी तिवई, स्टीलचा पेला. बाजारात चला म्हणाले. मी शेजारी बसले. नाना वाटेत एरवी दुकानांच्या पाट्यांतल्या चुका काढतात, त्या दिवशी एकही चूक काढली नाही. नाल्याजवळ रिक्षा थांबली, तेव्हा माठावर हात ठेवून म्हणाले, "मन्ही माय याच बाजारमा मेथी इके."

मला हे माहीत नव्हतं. शाळा सुटली की ते तिच्याजवळ येऊन बसत, असं त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यात समोरच्या हॉटेलातून ते पाण्याचा तांब्या आणत. माय म्हणे, तू पी. ती स्वतः घोट घेत नसे. घरी पोचल्यावर मात्र माठापाशी उभी राहून कितीतरी वेळ पीत राही. पुढे तिची किडनी गेली. धुळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, या पाणी कमी पितात का, तेव्हा नानांनी खरंच मनापासून उत्तर दिलं होतं.

"मी सांगं डॉक्टरले, मन्ही मायले तहानच लागस नही." नाना रस्त्याकडे बघत होते. "तवय मी तीस वरीसना व्हतू, ताई. पोस्टमा कायम व्हयेल. तरी माले समजनं नही."

रिक्षा सुरू झाली.

बाजारात त्यांनी चिंचेखाली तिवई मांडली, वर माठ ठेवला, नळावरून कळशीने पाणी आणून भरला. ऊन चढलं होतं. सुमनअक्का पालकावर पाणी शिंपडत होत्या. नाना पेला भरून त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी पेला पुढे धरला. अक्कांनी आधी बाजाराच्या टोकाच्या उघड्या दाराकडे पाहिलं, मग पेला घेतला आणि एका दमात संपवला. पदराने तोंड पुसून त्यांनी तो परत पुढे केला.

नाना पुन्हा भरायला गेले.