दोन आठ्यांचा बंदोबस्त

खातीपुऱ्यातल्या रत्नप्रभाबाईंच्या भुवयांमध्ये दोन उभ्या आठ्या होत्या. एक रेल्वेच्या चौकशी खिडकीत चौतीस वर्षं बसून पडलेली, दुसरी मुलाच्या, निहारच्या, टायफॉइडच्या वेळची. आजवर दोघींविरुद्ध कोणाची तक्रार नव्हती. पण निहारचं लग्न ठरू घातलं आणि तो म्हणाला, "आई, कस्तुरीचे आईबाबा नागपूरहून येतायत. तुझा चेहरा मतलब... गाडी रद्द झाल्यासारखा असतो."

म्हणून जवाहर नगरातल्या दवाखान्यात बाईंच्या कपाळात आठ्या सपाट करणाऱ्या औषधाच्या सुया टोचण्यात आल्या. दुष्परिणाम कमी व्हावेत म्हणून सूचनापत्रक मिळालं: चार तास आडवं होऊ नये, वाकू नये, चेहऱ्याला हात लावू नये, गरम टाळावं. बाकी नेहमीसारखं वागा, असं डॉक्टरीणबाई तोंडी म्हणाल्या. पण तोंडी सूचनेला अर्थ नसतो, हे बाईंना नोकरीनं शिकवलं होतं. त्यांनी पत्रकाखाली 'वाचले व समजले' लिहून सही केली, सुरक्षिततेसाठी चार तासांचे चार दिवस केले, आणि हसणं-रागावणं स्वतःहून बंद ठेवलं.

तिसऱ्या दिवशी पाहुणे आले. बाई खुर्चीत ताठ. कस्तुरी पाया पडली. तिला उठवायला बाई वाकल्या नाहीत. तिचे वडील पंढरीनाथराव यांनी मुलीला स्वयंपाक येत नसल्याचं कबूल केलं, आठी नाही. लग्न आमेरच्या किल्ल्यात, वरात उंटावरून, असं सुचवलं, आठी नाही. चहा पार गार झाल्यावर बाईंनी एक घोट घेतला. लग्न मोडलं, असं निहार धरूनच चालला.

निघताना पंढरीनाथरावांनी त्याला बाजूला घेतलं. "जावईबापू, अशी सासू दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. कशालाच ना नाही."

लग्न झालं. सुयांना चार महिने झाले, औषध उतरलं आणि दोन्ही आठ्या आपापल्या जागी रुजू झाल्या. कस्तुरीनं माहेरी फोन केला. दोन्ही घरांची बैठक बसली आणि दवाखान्याकडे लेखी तक्रार गेली. 'दुष्परिणाम: रुग्ण पूर्ववत होणे.' दवाखान्यानं तो मान्य केला आणि तो टाळण्यासाठी दर चार महिन्यांनी सुई सुचवली.

"आठ्या कशाच्या आहेत, हे कोणी विचारणार आहे का?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं.

निहार मायेनं म्हणाला, "आई, बोलू नकोस. चेहरा हलतो."

तुमच्याही घरात असा एखादा शांत, गुळगुळीत चेहरा असेल. पाहुण्यांना तो फार आवडत असेल. त्याला काय वाटतं, हे आजवर विचारलं नसेल, तर आता विचारू नका. दुष्परिणाम होतील.