थंडीत फुटलेला चार्ज कंट्रोलर

एका जंगलात, बाळांनो, दवाखाना होता, दवाखान्यात फ्रीज होता, फक्त वीज नव्हती. त्यामुळे पिल्लांच्या लसी टिकत नसत.

मग कुणी दानशूराने दोन सोलर पॅनेल आणि बॅटरी दिली. राहिला चार्ज कंट्रोलर. पॅनेलची वीज बॅटरीला सोसेल एवढीच पुढे सोडणारी ही पेटी. ती निवडायला समिती नेमली गेली. अध्यक्ष रावसाहेब गवा. त्यांना विजेतलं काहीच कळत नसे, म्हणून ते निःपक्षपाती ठरले.

भिवा साळिंदर तिथला वायरमन. त्याने पॅनेलच्या पाठीवरचा कागद वाचला, दोन दिवस आकडेमोड केली आणि दीडशे व्होल्ट झेपणारी एक करडी, ओबडधोबड पेटी सुचवली.

तरस विक्रेत्याने दुसरी काढली. तिला निळा दिवा होता, मोबाईल ॲप होतं. समितीतली माकडं खूश झाली.

"हिला शंभरच व्होल्ट झेपतात," भिवा म्हणाला.

"आणि आपले किती येतात?" रावसाहेबांनी विचारलं.

"पंचाण्णव. पण थंडीत पॅनेलचे व्होल्ट वाढतात. शंभरावर जातील."

"भिवा, सध्या उन्हाळा चालू आहे."

ठराव एकमताने झाला. भिवाचं म्हणणं 'किरकोळ चर्चा' म्हणून नोंदलं गेलं. तरसाने पेटी जोडली, फीत कापली गेली, लसी आल्या. उन्हाळा गेला, पावसाळाही गेला. वाटेत भेटलं की रावसाहेब भिवाकडे बघून हसत. भिवाला वाटू लागलं, आपलंच गणित चुकलं असावं. चुकलेलंच बरं, असंही वाटे.

मार्गशीर्षातल्या एका कडाक्याच्या थंडीच्या सकाळी पॅनेलवर ऊन पडलं आणि पेटी फुटली. भिवा धावला. डॉक्टरीणबाई पाणमांजर फ्रीजचं दार घट्ट धरून उभ्या होत्या. बॅटरीही गेली होती. दोघांनी ओल्या गोणपाटात लसी गुंडाळून झऱ्याकाठच्या कपारीत नेल्या. निम्म्याच वाचल्या. वीस पिल्लांना सुई मिळाली. उरलेल्या वीस जणांच्या आया पिल्लं पोटाशी घेऊन पायरीवरच बसून राहिल्या.

चौकशी झाली. पेटी का फुटली, हे कुणी विचारलं नाही.

"फुटणार हे तुला आधीच कसं ठाऊक होतं?" रावसाहेबांनी विचारलं.

"हिशोब केला होता."

"म्हणजे पूर्वनियोजित," रावसाहेब म्हणाले आणि लेखनिकाला ते लिहून घ्यायला सांगितलं.

भिवाची नोकरी गेली. निम्म्या लसी वाचवल्याबद्दल समितीचा सत्कार झाला. नवी पेटी निवडायचं कामही तिलाच मिळालं, कारण आता तिच्याकडे अनुभव होता.

तात्पर्य: बाळांनो, खूप अभ्यास करा. मात्र त्यातून काय कळलं, ते अपघात होण्याआधी कुणाला सांगू नका. आणि झाल्यावर तर तुम्ही अडाणी होता हे सिद्ध करायला दोन साक्षीदार तयार ठेवा.