आबा वकिलांचा बांधलेला हात

आमच्या शेजारचे आबा वकील उजवा हात गळ्यात बांधून डाव्या हातानं जेवायला लागले, तेव्हा साऱ्या आळीला वाटलं, माणूस कामातनं गेला. देवळात तीर्थासाठी त्यांनी डावा तळवा पुढे केला, तशी भटजींनी पळीच मागे घेतली.

हाताला झालं काहीच नव्हतं. कामावर जायबंदी झालेला माणूस अशील म्हणून आला, की त्याचं जे गेलं ते निकाल लागेपर्यंत आबाही वापरायचे नाहीत. एकाचा पाय मोडला, तर हे काठी घेऊन बाजारात लंगडत. एकाचा डोळा गेला, तर डोळ्याला पट्टी बांधून सरळ आमच्या गोठ्यात शिरले. विचारलं की ठरलेलं उत्तर, "अशिलाचा दुखणा आधी वकिलाक कळाक होया, मगे जज्जाक."

या खेपेचा अशील मसुऱ्याचा रघू. लाकडं कापायच्या गिरणीत त्याचा उजवा हात मनगटापासून गेला होता. घरात बायको, पोरं, म्हातारी आई. भरपाई मिळाली नाही तर चूल पेटायची नाही. आणि गिरणीचा मालक काय म्हणतो, तर एक हात शाबूत आहे की!

माझा राग मात्र वेगळाच होता. आबांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, माणूस एकटा, म्हणून मी बांगड्याचं झणझणीत तिखलं, माशाची दाट आमटी, पाठवायची. हात बांधल्यापासून वाटी जशीच्या तशी परत! "माका नको गो वयनी. पेज बरी." माझ्या हातच्या तिखल्याला नको म्हणणारा मालवणात अजून जन्मायचा होता. मी बोलणंच टाकलं.

सुनावणीला आमचे हे गेले होते. जज्जसाहेबांनी विचारलं, "वकीलसाहेब, हाताला काय लागलं?"

"मला काही नाही, महाराज. माझ्या अशिलाला लागलंय."

मालकाचा वकील म्हणाला, "एका हातानं माणसाचं काही अडत नाही." आबा ताडकन उठले, आणि डाव्या हातानं कसाबसा खोचलेला काष्टा सुटला. अंगात काळा कोट, मुठीत धोतर! पण आबा डगमगतात कसले?

"महाराज, धोतर सोडलं तर लाज जाते, धरलं तर कागद धरता येत नाही. माझ्या अशिलाचं रोज असंच अडतं."

जज्जसाहेबांनी तोंडाला रुमाल लावला. निकाल मात्र रघूच्या बाजूनं दिला, पुऱ्या भरपाईसकट.

निकालाच्या संध्याकाळी रघू बांगडे घेऊन आबांकडे आला. राग गिळून रांधायला मीच गेले. दोघं पानावर बसले.

"पयले माका काटे काढूक जमत नाय हुते," रघू म्हणाला. "मगे बायलेन शिकवल्यान. तुमका कसा जमला, वकिलानू?"

"जमतला खंय? आणि माझे काटे काढूक घरात कोण आसा?"

म्हणून वाटी परत येत होती! आणि मी मेली रुसून बसले होते. मला रडूच फुटलं.

आबांच्या पानातला बांगडा रघूनं जवळ ओढला, आणि डाव्या हातानं एकेक काटा काढून ताटलीच्या कडेला ठेवायला लागला.

आबांचा उजवा हात आता मोकळा होता. तो त्यांनी गुपचूप पाठीमागे घेतला.