नदीपलीकडचा टी-शर्ट

मुलांनो, तुमच्यापैकी एकजण आज पुन्हा तोच टी-शर्ट घालून आला आहे. मी नाव घेणार नाही. मी बोलायला लागल्याबरोबर त्याने हाताची घडी घातली, पण घडीच्या वरून सिंहाचे दोन लाल डोळे दिसतातच. राहू दे. गोष्ट ऐका.

एका जंगलात सगळे प्राणी टी-शर्ट घालत. पूर्वी घालत नसत. मग एका वर्षी पाणवठा उत्सव मंडळाने सगळ्यांना सारखे टी-शर्ट वाटले आणि उघड्या अंगाने फिरणं मागासलेपणाचं ठरलं.

त्या टी-शर्टवर सिंह होता. त्याचा जबडा उघडा होता. मागे ज्वाळा होत्या. दुसऱ्या वर्षी त्याला मुकुट आला. तिसऱ्या वर्षी पंख फुटले. हरणं तो सिंह छातीवर मिरवत. ससेही मिरवत. आपल्याला जो खातो त्याचंच तोंड आपण छातीवर का घालायचं, असं एकाही सशाने विचारलं नाही. लहान मापातही सिंह छान बसतो, एवढंच ते म्हणत.

खुद्द सिंहाने तो टी-शर्ट एकदाच पाहिला. "हा कोणता पक्षी?" असं विचारून तो झोपायला गेला.

त्या जंगलात झुपकी नावाची एक खार होती. नुकतीच चित्रशाळेतून शिकून आलेली. शेपटी रंगात बुडवून ती चित्रं काढायची आणि खाली कोपऱ्यात शेपटीच्या टोकाने एक ठिपका उमटवायची. ती तिची सही. ती सही अजून एकाही टी-शर्टवर छापली गेली नव्हती. झुपकीला फार काही नको होतं. आपलं एक चित्र, खाली आपला ठिपका, आणि ते घालून फिरणारा एखादा प्राणी. एकच असता तरी चाललं असतं.

त्या वर्षी मंडळाचे अध्यक्ष गवा यांनी सभेत सांगितलं, "यंदा काहीतरी नवीन पाहिजे. सिंह बघून बघून कंटाळा आला." हे बोलताना त्यांच्या पोटावरचा सिंह इतका ताणला होता की तो जांभई देतोय असं वाटत होतं.

झुपकी कामाला लागली. पाण्यावर झुकलेल्या जांभळीच्या फांदीवर ती आठ दिवस बसून राहिली. खाली प्राणी पाणी प्यायला येत. ज्याचं तोंड पाण्याला लागे, त्याच्याभोवती वर्तुळ उठे. गव्याचं मोठं, मुंगसाचं इवलंसं. ती सगळी वर्तुळं पसरत पसरत मध्यभागी एकमेकांतून जात, आणि मग कुठलं कुणाचं ते ओळखू येत नसे. झुपकीने तेच काढलं आणि मंडळापुढे ठेवलं.

"हे काय?" गव्याने विचारलं. "चकल्या?"

"पाणवठा आहे, काका. वरून असा दिसतो. हे मोठं वर्तुळ तुमचं. हे हरणाचं."

"आणि सिंहाचं?"

"हे."

"माझ्यापेक्षा लहान?"

"तो जिभेने पितो. तुम्ही कानापर्यंत तोंड बुडवता."

गवा मनातून खूश झाला. पण अध्यक्षाला एकट्याने खूश होता येत नाही, म्हणून त्याने कासवाकडे पाहिलं.

कासव मंडळाचं ज्येष्ठ सल्लागार होतं. दोनशे वर्षांत त्याने एकही चूक केली नव्हती, कारण दोनशे वर्षांत त्याने काहीच केलं नव्हतं.

"छान आहे," कासव म्हणालं. "नवीन आहे. आपल्याला नवीनच पाहिजे होतं. आता एवढंच सांग बाळ, हे आधी कुठे चाललंय?"

"आजोबा, नवीन आहे म्हणजे आधी कुठेच नसणार ना?"

"तसलं नवीन नको. चाललेलं नवीन दाखव."

झुपकी परत गेली. निळ्याऐवजी मातकट रंगात चित्र घेऊन आली. कासवाने तेच विचारलं. वर्तुळं ठळक करून आणली. तेव्हाही कासवाने तेच विचारलं.

तिसऱ्या नकारानंतर ती खेकड्याच्या छापखान्यात जाऊन बसली. मंडळाचे टी-शर्ट हा खेकडाच छापायचा.

"सांगून टाक की नदीपलीकडच्या जंगलात हेच चालतं," खेकडा म्हणाला.

"तिकडे खरंच चालतं?"

"छे. तिकडेही पंखवाला सिंहच. माझा मावसभाऊ छापतो. पण इथून बघायला कोण जाणार आहे? कासव? ते निघेल आज आणि पोचेल पुढच्या उत्सवाला."

"मी काढलेलं चित्र दुसऱ्याचं म्हणून सांगू?"

"नको सांगूस. मग मी सिंहच छापतो. त्याचं छपाईचं स्क्रीन इतकं झिजलंय की नाक उमटतच नाही. अजून एकाचीही तक्रार आलेली नाही."

झुपकी रात्रभर तळमळली. सकाळी मंडळापुढे उभी राहिली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "नदीपलीकडे सगळे हेच घालतात."

"मग आधी बोलायचं नाही का?" गवा उठूनच उभा राहिला. "तिकडची मंडळी विचार केल्याशिवाय काही घालत नाहीत."

"वर्तुळांत खोली आहे," कासव म्हणालं. "मला पहिल्या दिवशीच जाणवली होती. फक्त तो कोपऱ्यातला ठिपका काढ, बाळ. चित्र त्यांचं आणि सही तुझी, बरं दिसत नाही."

झुपकीने ठिपका पुसला. आपल्याच शेपटीने पुसला.

उत्सवाच्या दिवशी साऱ्या जंगलाच्या अंगावर वर्तुळं होती. दोन ससे, त्यातलं आपलं कुठलं यावरून भांडत होते. सगळे पाण्यावर वाकले तेव्हा छातीवरची वर्तुळं आणि पाण्यातली वर्तुळं समोरासमोर आली. फांदीवरून बघताना झुपकी क्षणभर ठिपक्याचं दुःख विसरली.

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. नदीपलीकडच्या मंडळाचे अध्यक्ष, सांबर. त्यांच्या छातीवर पंखवाला सिंह होता.

"ओळखलंत का, साहेब?" गव्याने स्वतःची छाती पुढे केली. "तुमच्याकडचंच आहे. तुमच्या मानासाठी घातलंय."

सांबराने ते चित्र जन्मात पाहिलं नव्हतं. पण सगळं जंगल त्याच्याकडे बघत होतं.

"म्हणजे काय," सांबर म्हणालं. "आमच्याकडे हे पूर्वापार आहे." मग जरा विचार करून म्हणालं, "विचारलं असतंत तर आम्ही नाही म्हटलं नसतं. पण विचारायला हवं होतं." आणि मग हळूच, "वीसेक नग बांधून द्या. आमचे सगळे धुवायला टाकलेत."

गव्याचा चेहरा पडला. झुपकीला मंचावर बोलावण्यात आलं.

"चोरीचं चित्र आणलंस?"

"माझं आहे ते. इथे, या फांदीवर बसून काढलंय."

"मग नदीपलीकडचं आहे असं कोण म्हणालं?"

"मीच. तुम्ही घ्यावं म्हणून."

"म्हणजे खोटं तेव्हा बोललीस की आत्ता बोलतेस, हे आम्ही कसं ओळखायचं?" कासवाने विचारलं. "पाहुणे काही खोटं बोलणार नाहीत. पाहुणे आहेत ते."

"त्यावर माझी सही होती, आजोबा. तुम्हीच पुसायला लावलीत."

"आणि तू पुसलीस. स्वतःचं असतं तर पुसली असतीस का?"

 झुपकीने खेकड्याकडे पाहिलं. खेकडा काहीतरी बोलणार होता, पण गव्याने त्याला वीस नगांची ऑर्डर दिली आणि तो छापखान्याकडे निघाला. तिरका.

झुपकीला माफीपत्र लिहावं लागलं. 'तुमचं चित्र तुमच्या परवानगीशिवाय काढलं, क्षमा असावी.' खाली सही. तिचा ठिपका चारचौघांत पहिल्यांदा उमटला तो असा.

पुढच्या वर्षी पुन्हा सभा भरली. "यंदा चोरीचं नको, उसनं नको," गवा म्हणाला. "आपलं, अस्सल, आपल्या मातीतलं पाहिजे."

सगळे विचारात पडले.

"सिंह," कासव म्हणालं.

टाळ्यांनी जंगल दणाणलं.

"आणि खाली तुझी सही पाहिजे हं, झुपके," गवा म्हणाला. "आपलं मंडळ कलावंताचा मान ठेवतं."

"सिंह माझा नाही," झुपकी म्हणाली. "मी काढणार नाही." आणि ती निघून गेली.

काही अडलं नाही. खेकड्याने जुनं स्क्रीन काढलं आणि बिननाकाचा सिंह छापला. सहीपुरती अडचण होती. तेव्हा कासवाने चिखलात पाय बुडवून प्रत्येक टी-शर्टच्या कोपऱ्यात एकेक ठिपका उमटवला. दोनशे वर्षांत त्याने केलेली ही पहिली गोष्ट.

वर्तुळांच्या टी-शर्टांची पायपुसणी झाली. एकच उरला, तो झुपकीच्या अंगावर. ती जांभळीच्या फांदीवर बसलेली असताना एका दुपारी सिंह पाणी प्यायला आला. पिऊन झाल्यावर त्याने वर पाहिलं.

"त्यातलं ते लहान वर्तुळ माझं ना?"

 झुपकीने मान डोलावली.

"माझ्या मापाचा आहे का एखादा?"

नव्हता.

तात्पर्य: मुलांनो, आपलं चित्र कधीही आपलं म्हणून दाखवू नये. ते आधी नदीपलीकडे ठेवून यावं, मग तिथून चोरून आणावं. पकडले गेलात तर माफी मागावी आणि सिंह काढावा. सिंह काढणाऱ्याला आजवर कोणीही चोर म्हटलेलं नाही.

"तात्पर्य बरं आहे," कासव म्हणालं. "पण हे आधी कुठल्या गोष्टीला लावलेलं आहे का?"