लोर्नाची सही

कराचे कागद भरायला ऑर्विन क्लेमर मुद्दाम शेजारच्या गावच्या वाचनालयात गेला, कारण तिथे त्याच्या बायकोला, लोर्नाला, ओळखणारं कोणी नव्हतं. संसारभर कराचं सगळं तिनेच पाहिलं होतं. तो नुसता गवत कापायची यंत्रं दुरुस्त करायचा आणि ती बोट ठेवेल तिथे सही करायचा.

टेबलामागे बर्निस टटल नावाच्या म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. त्या लोकांचे फॉर्म फुकट भरून देत. ऑर्विनने बिस्किटांच्या डब्यातून पावत्यांचा ढीग त्यांच्यापुढे ओतला.

"धंद्याच्या खर्चात हे कुत्र्याचं खाणं कसं आलं?"

"दुकान राखतो तो."

"चावतो कुणाला?"

"अजून तरी नाही. सगळ्यांशी गोडच वागतो."

"मग तो राखणदार नाही, पाहुणा आहे," म्हणत बाईंनी ती पावती बाजूला सारली. "आता सांगा, तुम्ही एकटे की विवाहित?"

'एकटा' या चौकटीवर खूण करायची नाही, हे ऑर्विन घरून ठरवूनच निघाला होता.

"विवाहित. दोघांचा एकत्रच भरतो आम्ही."

"मग दोघांची सही लागेल. कुठायत बाईसाहेब?"

"गाडीत. गुडघा दुखतोय तिचा."

"एवढंच ना? मीच येते की."

"झोपलीय हो."

"सहीपुरती उठवू."

"सर्दी झालीय. तुम्हाला लागेल उगाच."

"अहो, चाळीस वर्षं बालवाडी सांभाळलीय मी. मला काय लागायचं राहिलंय आता?" बाईंनी कोट चढवला आणि त्या निघाल्यासुद्धा. एक खोटं झाकायला दुसरं, दुसरं झाकायला तिसरं. चौथं काही ऑर्विनला सुचेना. तो मागोमाग गेला.

गाडीत शेजारच्या सीटवर कुत्रा ऐटीत बसला होता. बाईंनी आत पाहिलं, मागच्या सीटवर पाहिलं, मग ऑर्विनकडे पाहिलं.

"सही हे करणार का?"

"गेल्या ऑगस्टमध्ये गेली ती," ऑर्विन म्हणाला, आणि भर दुपारी, परक्या गावात, गाडीला टेकून रडला. बाईंनी रुमाल पुढे केला.

"कशाला एवढं खोटं बोललात? ज्या वर्षी माणूस जातं, ते सगळं वर्ष सरकार तुम्हाला विवाहितच धरतं. तिच्या सहीच्या जागी ती गेल्याचं लिहायचं, की झालं."

"खरंच?"

"कायदाच आहे तसा."

केवढा जीव हलका झाला त्याचा! वाचनालयात परतेपर्यंत त्याने दोनदा नाक शिंकरलं, एकदा हसलासुद्धा. बाईंनी फॉर्म पुरा केला. परतावाही बऱ्यापैकी निघत होता. त्याने पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं.

"आणि पुढल्या वर्षी?"

"पुढल्या वर्षी एकटे," बाई हळूच म्हणाल्या.

"म्हणजे दोघांचा हा शेवटचा."

"हो."

त्याने पेन खाली ठेवलं. "आज नाही भरला तर?"

"मुदत वाढवून मिळते, ऑक्टोबरपर्यंत. पण अहो, सरकारच तुमचं देणं लागतंय. थांबायचं कशाला?"

ऑर्विन फॉर्मवरच्या लोर्नाच्या नावावरून बोट फिरवत राहिला. बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि खणातून मुदतवाढीचा कागद काढला.

"यावरही दोघांची नावं येतात," त्या म्हणाल्या. "लिहू?"

"लिहा," ऑर्विन म्हणाला. "तिचं आधी."