सिरिलच्या पोटाची बदनामी

सिरिल शनिवारी जादा कामाला गेला तर आमचा मोरकॅमचा समुद्र बुडणार, असं मी एका सकाळी ठरवून टाकलं. तिथून सगळं सुरू झालं.

सिरिल म्हणजे माझा नवरा. आता नाही तो. पण बिस्किटांच्या कारखान्याजवळून बस गेली, की व्हॅनिलाचा वास आत येतो आणि मी उगाच शेजारची सीट अडवून धरते. त्या वासाचाच होता तो. केसांत, मोज्यांत, चर्चच्या कोटातसुद्धा. शुक्रवारी मोडक्या बिस्किटांची पिशवी घेऊन यायचा आणि अख्खं बिस्कीट सापडलं तर मला द्यायचा. (ते मी खायचे. प्रेमात वाटणी नसते.)

आमची लेक जहाजावर लोकांचे केस कापायची, म्हणून नात जेम्मा आमच्याकडे होती. तिच्यासाठी आणि आमच्या पगाराला हातभार म्हणून सरकार दर आठवड्याला टॅक्स क्रेडिटचे पैसे द्यायचं. त्यातूनच वर्षातला एक आठवडा मोरकॅमला जायचो, समुद्रावर. चाकांवरची इवलीशी खोली भाड्याने. पोरगी वर्षभर त्याचीच वाट बघायची.

तर कारखान्यातला त्याचा फोरमन हार्ग्रीव्ह्ज सिरिलला म्हणाला, "यंदा सगळे शनिवार ये, जादा पैसे घे." सिरिल खूश. मी नाही. कारण शेजारच्या ग्लॅडिसची कमाई वाढली होती आणि सरकारने दिलेले पैसे परत मागितले होते. मी ऑफिसला फोन लावला. आधी अर्धा तास बासरी ऐकवली, मग एक पोरगी बोलली. गेल्या वर्षापेक्षा कमाई अडीच हजार पौंडांपर्यंत वाढली तर यंदा काही कापत नाही, त्याच्यावर गेली तर जास्त दिलेलं परत घेतात, असं म्हणाली. पुढेही काहीतरी सांगत होती, पण मला कळायचं ते कळलं होतं. मी फोन ठेवला. (शाळाही मी अशीच सोडली.)

बोटांवर हिशेब केला. सिरिल सगळे शनिवार गेला तर वाढ अडीच हजारांच्या वर जाणार. म्हणजे सगळं परत. म्हणजे मोरकॅम गेलं.

त्याला सांगून उपयोग नव्हता. कामाला नाही म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं. म्हणून पहिल्याच शनिवारी त्याचं गजराचं घड्याळ उशीखाली दाबलं आणि हार्ग्रीव्ह्जला फोन केला.

"सिरिल येत नाही आज. पोट बिघडलंय."

"कितपत?"

आता थोडक्यात सांगितलं तर खोटं वाटतं. मी म्हटलं, "रात्रभर संडासातच मुक्काम आहे हो. मी बाहेर उशी ठेवलीय."

खाण्याच्या कारखान्यात हे बोलायचं नसतं, हे बाकी अख्ख्या गावाला ठाऊक होतं. सोमवारी सिरिल गेटवर पोचला तर नर्स हातमोजे घालून उभी. आत घेईना. शंभर माणसांसमोर त्याच्या हातात झाकणाची डबी दिली आणि म्हणाली, "यात नमुना आणा. तपासून येईपर्यंत घरी बसा."

तो डबी घेऊन परत आला आणि टेबलावर ठेवली.

"थेल्मा, माझ्या पोटाला काय झालंय?"

"मला काय विचारतोस? पोट तुझं."

"हार्ग्रीव्ह्ज म्हणतो, तू बाहेर उशी ठेवली होतीस."

मी चहा टाकायला उठले. तो बघतच राहिला, आणि मग इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. असा होता बघा. दुसऱ्या कुणी डबी फेकून मारली असती.

तपासणीला दिवस लागत गेले. बिस्किटांच्या सरकत्या पट्ट्यावर माणूस कमी, म्हणून हार्ग्रीव्ह्जचाच फोन आला, "तुम्ही याल का भरायला?" मी गेले. क्रीमची बिस्किटं चार-चार उचलून डब्यात लावायची. माझा हात असा चालला, की सिरिल परत आला तरी मला सोडेनात. मीही राहिले, शनिवारसुद्धा केले. सिरिलला मात्र एकही शनिवार करू दिला नाही. सिरिलच्या कमाईतली वाढ अडीच हजारांच्या खूप खाली. मनात म्हटलं, थेल्मा, मंत्री व्हायची तू.

वर्ष संपलं. कमाई सांगायला ऑफिसला फोन केला. सिरिल शेजारी कान लावून. पलीकडे कुणी बाई होती, तिला मी ऐटीत सिरिलचा आकडा सांगितला.

"आणि तुमची, मॅडम?"

"माझं काय मध्येच?"

"नवराबायकोची एकत्र धरतो आम्ही."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

माझा आकडा सांगितला. बाईने बेरीज केली. अडीच हजारांच्या वर गेलो होतो, आणि सगळं माझ्याच हातचं. मी खुर्चीत बसले. दाराआड जेम्मा उभी, वाळूत खेळायचं बादली-फावडं आधीच बाहेर काढून.

"सगळं परत घेणार?" मी विचारलं.

"सगळं कसं? मर्यादेच्या वरच्या पौंडामागे सदतीस पेनी. तेही पुढच्या पैशातून थोडं थोडं."

"आणि उरलेले त्रेसष्ट?"

"टॅक्स वगैरे जाऊन तुमचेच की."

म्हणजे समुद्र कधी बुडणारच नव्हता. सिरिलने सगळे शनिवार केले असते तरी आम्ही मोरकॅमला जाऊन वर मासे-बटाटे खाल्ले असते. मला ते पटेना. मी त्या बाईला ग्लॅडिसपासून सगळं सांगायला घेतलं. उशी, नर्स, माझा हात कसा चालतो ते. ती बिचारी "हो मॅडम, हो मॅडम" करत राहिली. बाहेर दिवे लागले.

शेवटी सिरिलने अलगद रिसीव्हर माझ्या हातातून काढून घेतला.

"पुरे आता, थेल्मा," तो म्हणाला. "तुझं ऐकता ऐकता त्या बाईचा ओव्हरटाइम होईल, आणि तिलाही परत भरावं लागेल."