राजनंदिनीने भाव खाल्ला त्याची बखर

श्रीगजानन प्रसन्न, आणि त्यापाठोपाठ परीक्षकही प्रसन्न असोत. शालिवाहन शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरी, डोंगराखाली एक राज्य होते, त्यास लोक विद्यालय म्हणत. तेथे मुख्याध्यापक महाराज राज्य करीत आणि शेजारच्या टायवाल्या शाळेकडून अर्थशास्त्राच्या स्पर्धेत दरसाल सपाटून मार खात. मग महाराजांनी संतापून हुकूम फर्माविला की, यंदा हार जाहली तर अर्थशास्त्राची फौज मोडावी आणि तिची सरदार, अकरावीतील राजनंदिनी कुंभोजकर, इजला लेझीमपथकात धाडावे. हे ऐकून राजनंदिनीने धसका घेतला, कारण गतसाली तिच्या हातची लेझीम सुटून पाहुण्यांचा चष्मा धारातीर्थी पडला होता आणि सारे राज्य हसले होते, आणि ते हसू तिला अजून झोंबत होते. मग अर्थशास्त्र शिकविणाऱ्या हुपरीकरबाईंनी तिजकडून व्याख्या घोकून घेतल्या, आणि ती घरीही घोकू लागली, परंतु घरी थोरल्या ताईला मागण्या येत होत्या, रोज पाहुणे, रोज कांदेपोहे, त्या गोंधळात व्याख्या आणि पोहे एकच जाहले.

मग स्पर्धेचा दिवस उगवला आणि दोन्ही फौजा मंचावर चढल्या आणि निकराची झुंज होऊन गुण बरोबरीत आले. तेव्हां परीक्षकांनी अखेरचा प्रश्न टाकिला की, मागणी बहुत आणि पुरवठा थोडा, तर काय होते? टायवाले घंटेस हात घालिती तोच राजनंदिनीने आपली घंटा बडविली, आणि मग तिचे डोके रिकामे जाहले. व्याख्या पळाल्या, कानी लेझीम वाजू लागली, आणि डोळ्यांपुढे उरली एकटी ताई. तेव्हां ती म्हणाली, "मागण्या पुष्कळ आणि ताई एकच, म्हणून ताई भाव खाते."

सभा खो खो हसली आणि बाईंनी पदर तोंडावर घेतला. परीक्षक मात्र हसले नाहीत. त्यांनी हळूच पुसिले, "आणि पुरवठा वाढला तर?"

"शेजारची वृंदा एम.ए. होऊन घरी आली, तेव्हापासून ताई पाहुण्यांशी गोड बोलते."

आता परीक्षकांचा पुतण्या त्याच ताईच्या घरी पोहे खाऊन नकार घेऊन परतला होता, सबब सिद्धांत त्यांच्या घरी अनुभवाचा होता. त्यांनी उसासा टाकून सांगितले की, भाव वाढतो आणि भाव उतरतो, उत्तर हेच, आणि पूर्ण गुण दिले.

मग राज्यात आनंदीआनंद जाहला आणि ट्रॅक्टर सजवून मिरवणूक निघाली आणि महाराज स्वतः लेझीम घेऊन राजनंदिनीपाशी आले आणि म्हणाले, "पोरी, पुढं तूच नाचायचं." तिने एकवार लेझीम पाहिली आणि एकवार महाराजांचा चष्मा पाहिला. मग तिच्या ध्यानी आले की, मिरवणुकीस हौशी बहुत आणि विजयी सरदार एकच.

"सर, मी ट्रॅक्टरवर बसून येईन," ती म्हणाली. "लेझीम तुम्ही घ्या."

महाराजांनी निमूट घेतली, आणि भर चौकात त्यांचाच चष्मा उडाला.

सारांश, त्या साली राज्य जिंकले आणि चष्मा पडला. ताईचे लग्न अद्याप ठरले नाही, आणि का ठरले नाही ते आता अकरावीची पोरेही सांगतात.